दोन गावांची माध्यान्ह

फार जुन्या काळची हकिकत आहे. तेव्हा एक राज्य होते. ते रुंदीला बेताचे पण लांबीला अफाट होते, वाळत घातलेल्या लुगड्यासारखे पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरलेले. पूर्वेच्या टोकाला राजधानी होती. पश्चिमेच्या टोकाला एक डोंगरी नगर होते. घोडेस्वार निघाला तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत चंद्राची एक कोर भरून यायची.

निरोपासाठी राजाने एक सोय केली होती. वाटेतल्या प्रत्येक उंच टेकडीवर एक पहारेकरी बसे. त्याच्याजवळ काशाचा घासून लख्ख केलेला आरसा असे. एका टेकडीवरून उन्हाची तिरीप चमकली की पुढच्या टेकडीवरचा ती पाहून आपला आरसा फिरवी. अशी ती तिरीप टेकडीमागून टेकडी ओलांडत जाई.

राजाला दोन राण्या होत्या आणि दोघींनाही एकाच सुमाराला दिवस गेले. थोरली राजधानीतच राहिली. धाकटी पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी गेली. तिचे माहेर पश्चिमेच्या त्या डोंगरी नगरात होते. राजाने भर दरबारात शब्द दिला, "जो आधी जन्मेल तो माझ्यामागे गादीवर बसेल." त्याला वाटले, आपण भांडणाचे मूळच उपटले.

फाल्गुनातल्या एका स्वच्छ दिवशी दोन्ही राण्या बाळंत झाल्या. दोघींनाही मुलगे झाले.

राजधानीत काळ मोजण्याचे काम वरदभट नावाचा एक विद्वान करी. त्याच्या अंगणात एक सरळ काठी रोवलेली होती. तिची सावली सर्वांत आखूड झाली की माध्यान्ह. शेजारी पाण्याच्या घंगाळात तांब्याची वाटी तरंगत असे. तिच्या तळाला बारीक भोक होते. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. घटकेहून कमी काळ मोजायला त्याच्याकडे लहान वाट्याही होत्या. थोरलीचे बाळ रडले तेव्हा काठीची सावली अगदी आखूड होती. वरदभटाने नोंद सांगितली, "जन्म माध्यान्हीचा."

त्यानंतर दोन लहान वाट्या बुडाल्या आणि पश्चिमेच्या टेकडीवर तिरीप चमकली. धाकटीलाही मुलगा झाला होता.

राजधानीत नगारे वाजले. थोरलीचा मुलगा युवराज ठरला. पण पंधरवडा उलटल्यावर पश्चिमेहून घोडेस्वार आला. तिथल्या नगरात काळ मोजणारा कान्हदेव होता. त्याने शपथेवर सांगितले होते, "धाकट्या राणीसाहेबांचे बाळ माध्यान्हीला एक घटका बाकी असताना जन्मले. बाळ रडले त्याच क्षणी मी आरसा फिरवला."

दरबारात कुजबुज सुरू झाली. एकाचा जन्म माध्यान्हीचा आणि दुसऱ्याचा त्याआधीचा, तर दुसरा थोरला. पण माध्यान्हीच्या आधी निघालेली तिरीप माध्यान्हीनंतर कशी पोचली? आरशाच्या निरोपाला टेकड्या ओलांडायला एवढा वेळ लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

राजा म्हणाला, "दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे."

वरदभट राजाच्या समोरचा माणूस होता आणि कान्हदेव लांबचा. कान्हदेवाला बेड्या घालून आणवले. राजाने हुकूम सोडला की पौर्णिमेपर्यंत त्याने खोटेपणा कबूल करावा, नाहीतर त्याला हत्तीच्या पायी द्यावे. इकडे धाकट्या राणीच्या भावाने पश्चिमेच्या नगरात फौज जमवायला सुरुवात केली. आपल्या भाच्याचा हक्क जातो आहे, असे त्याने डोंगरातल्या गावागावांत सांगितले.

वरदभट आणि कान्हदेव एकाच गुरूजवळ शिकले होते. एकाच चटईवर झोपले होते. वरदभट त्याला भेटायला बंदिखान्यात गेला. कान्हदेवाच्या पायाला बेडीने जखम झाली होती आणि ती चिघळली होती.

वरदभटाने विचारले, "कान्हदेवा, खोटे का बोललास? भाच्यासाठी त्या मामाने तुला काही दिले का?"

"काही दिले नाही. सावली अजून आखडायची होती. मी पाहिले ते सांगितले."

"मी तुझी तिरीप माध्यान्हीनंतर पाहिली. माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"पाहिली असशील," कान्हदेव म्हणाला. "तू खोटे बोलतोस असे मी कुठे म्हणतो?"

वरदभट परत आला, पण त्याला जेवण गेले नाही. कान्हदेव खोटे बोलणारा नव्हता. आणि आपण खोटे बोललो नाही, हे तर त्याला पक्के ठाऊक होते.

राजधानीबाहेर एका वडाखाली क्षेमाई राहत असे. ती तत्त्वज्ञ होती. काळ म्हणजे काय, जागा म्हणजे काय, काहीच घडले नाही तर काळ चालेल का, असे प्रश्न ती शिष्यांना घाली. वरदभट तिची टिंगल करी. तो म्हणे, "काळ म्हणजे माझ्या वाटीत शिरते ते पाणी. बाकीचे सारे वांझोटे बोलणे." तिच्या कानावर हे आले होते. तिनेही एकदा म्हटले होते, "त्या भटजींनी जन्मभर दाणे मोजले, धान्य कशाला म्हणतात ते विचारले नाही." तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद होते.

तरी वरदभट तिच्याकडे गेला. त्याने सगळे सांगितले.

क्षेमाईने शांतपणे ऐकले. मग ती म्हणाली, "आधी आणि नंतर हा मनाचा खेळ आहे, वरदभट. बाहेर तसे काही असते असे मला वाटत नाही. तेव्हा यात निवाडा करण्यासारखे काही नाही."

"हत्तीचा पायही मनाचाच खेळ का?" वरदभट म्हणाला. "तो कान्हदेवाच्या छातीवर पडायच्या आधी निवाडा हवा आहे, आई. नंतर झाला तर त्याचा त्याला उपयोग नाही."

 क्षेमाईने आजवर शेकडो वाद जिंकले होते, पण असे उत्तर तिला कोणी दिले नव्हते.

"चुकले माझे," ती म्हणाली. "बसा. मला पुन्हा सांगा. तुम्ही काय पाहिले?"

"माध्यान्ह होऊन गेली आणि तिरीप आली."

"माध्यान्ह कुठे पाहिलीत?"

"माझ्या अंगणात. काठीपाशी."

"आणि कान्हदेवाने?"

"त्याच्या काठीपाशी."

"त्या दोन माध्यान्ही एकच, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

वरदभट हसला. "आई, माध्यान्ह ती माध्यान्ह. सूर्य एकच आहे."

"सूर्य एक आहे. डोकी दोन आहेत, आणि त्यांच्यामध्ये अख्खे राज्य आहे. तो दोन्ही डोक्यांवर एकाच वेळी येतो, हे कोणी पाहिले आहे?"

वरदभटाचे हसू मावळले. त्याने जन्मभर माध्यान्ह मोजली होती, पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. गुरूंनीही तो कधी विचारला नव्हता.

"येतो की नाही?" त्याने विचारले.

"मला ठाऊक नाही. मी इथे बसून कितीही विचार केला तरी मला ते कळणार नाही. ते पाहावे लागेल, आणि कसे पाहायचे ते तुम्हाला कळते."

वरदभट त्याच पावली राजाकडे गेला आणि त्याने टेकड्यांवरच्या आरशांची माळ वापरायला मागून घेतली. पश्चिमेच्या नगरात आता कान्हदेवाची बायको लखाई काठी आणि वाटी सांभाळत होती. आरशांच्या खुणांच्या भाषेत तिला निरोप गेला: तुझ्याकडे माध्यान्ह झाली की आरसा फिरव.

दुसऱ्या दिवशी वरदभट घंगाळापाशी बसला. राजधानीत माध्यान्ह झाली. तिरीप आली नाही. घटकेची वाटी तरंगू लागली, भरली, बुडाली. तरी तिरीप नाही. मग त्याने लहान वाटी सोडली. तीही बुडाली, आणि मग दुसरी. तेव्हा कुठे पश्चिमेची टेकडी चमकली.

निरोपाला टेकड्या ओलांडायला घटकाभर लागत नाही, हे दरबारातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. म्हणजे लखाईकडे माध्यान्हच उशिरा झाली होती. सूर्य राजधानीच्या डोक्यावर आधी येत होता आणि मग राज्य ओलांडून पश्चिमेच्या नगरावर जात होता. तिथे माध्यान्हीला अवकाश असे तेव्हा इथे माध्यान्ह होऊन जात असे.

कान्हदेव खरे बोलला होता. वरदभटही खरे बोलला होता.

वरदभट धावत वडाखाली आला. क्षेमाईला म्हणाला, "आता थोरला कोण तेही काढतो. तिरीप माध्यान्हीनंतर दोन लहान वाट्यांनी आली. तिला वाटेत किती वेळ लागतो ते कळले की ती तिथून कधी निघाली ते कळेल."

"ते कसे कळणार?"

"मी तिरीप पाठवीन. लखाई ती पाहताक्षणी परत पाठवील. जाण्यायेण्याचा वेळ मोजायचा आणि निम्मा करायचा."

त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी तसे केले. जाऊन येईपर्यंत पाच लहान वाट्या बुडाल्या. म्हणजे एकीकडच्या वाटेला अडीच. पण जन्माची तिरीप तर माध्यान्हीनंतर दोनच वाट्यांनी आली होती. म्हणजे ती इथल्या माध्यान्हीच्या अर्धी वाटी आधी निघाली. पश्चिमेचा मुलगा थोरला.

उत्तर आपल्याच नगराच्या विरुद्ध जाते आहे हे वरदभटाला दिसत होते. तरी त्याने अंगावर उपरणे टाकले आणि तो दरबाराकडे निघाला. पण आधी तो वडाकडे वळला आणि क्षेमाईला उत्तर सांगितले.

क्षेमाईने विचारले, "निम्मा का केलात?"

"जायला जेवढा वेळ, तेवढाच यायला. त्याच टेकड्या, तेच पहारेकरी."

"हे मोजलेत की धरून चाललात?"

वरदभट चिडला. "प्रत्येक गोष्टीवर प्रश्न काढलात तर माणसाने पाऊल कुठे टाकावे? जायचा वेळ वेगळा मोजायचा तर दोन्हीकडच्या वाट्या आधी एकमेकींशी जुळवाव्या लागतील. त्या जुळवायला पुन्हा निरोपच पाठवावा लागेल. आणि त्या निरोपाला किती वेळ लागला?"

"तेच विचारते आहे," क्षेमाई म्हणाली. "तुम्ही चुकलात असे मी म्हणत नाही. मला फक्त दिसते आहे की इथे एक गोष्ट तुम्ही न पाहता मानली. राजपुत्राचे थोरलेपण तिच्यावर उभे राहणार आहे."

वरदभट रागाने निघून गेला. पण तो दरबारात गेला नाही. तो पश्चिमेची पहिली टेकडी चढला आणि पहाऱ्यावरच्या माणसाशेजारी जाऊन बसला. दिवस कलायला लागला होता. पश्चिमेकडे पाहताना पहारेकऱ्याने कपाळाशी हात धरला होता. तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते.

वरदभटाने विचारले, "तिरीप नीट दिसते का रे?"

"दिवस कलला की या बाजूची उशिरा दिसते, महाराज. सूर्य समोर येतो. सकाळी त्या बाजूची उशिरा दिसते. दोनदोनदा डोळे पुसावे लागतात."

"हे कधी सांगितले नाहीस."

"कोणी विचारले नाही."

आता वरदभटाला कळले. सकाळी पूर्वेकडून येणारी तिरीप पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत सूर्य होता. सकाळचे जाणे रेंगाळत झाले होते आणि येणे चटकन. निम्मे करणे चुकीचे होते. आणि जन्माची तिरीप तर भर दुपारी निघाली होती, सूर्य कोणाच्याच डोळ्यांत नसताना. मग दुपारचा निरोप दुपारच्याच निरोपाशी ताडून पाहायला हवा होता.

त्याने पुन्हा मोजले. या वेळी भर दुपारी. जाऊन येईपर्यंत चार वाट्या बुडाल्या. निम्म्या दोन. त्याने रोज दुपारी मोजले. कधी शेवटची वाटी बुडायच्या किंचित आधी तिरीप येई, कधी किंचित नंतर. पण चार वाट्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे ती कधी ठरून राहिली नाही.

जन्माची तिरीपही दोनच वाट्यांनी आली होती. म्हणजे ती निघाली ती राजधानीच्या माध्यान्हीलाच, किंवा किंचित आधी, किंवा किंचित नंतर.

पौर्णिमेच्या दिवशी माध्यान्हीच्या सुमाराला दरबार भरला. दरबारात जायच्या आधी प्रधानाने वरदभटाला बाजूला घेतले. "किंचित नंतर म्हणा," तो हळूच म्हणाला. "तेवढे म्हटले की आपले राजपुत्र थोरले. किंचितचा हिशेब कोण मागणार आहे?"

वरदभट उपरणे सावरून दरबारात शिरला.

राजाने विचारले, "खोटे कोण बोलले?"

"कोणीच नाही, महाराज," वरदभट म्हणाला, आणि त्याने दोन माध्यान्हींची गोष्ट सांगितली. लखाईची तिरीप भर दरबारात सर्वांना दाखवली. राजाने स्वतः वाटी बुडताना पाहिली. कान्हदेवाच्या बेड्या तिथल्या तिथे काढल्या.

"आणि थोरला कोण?"

"ते सांगता येत नाही."

राजाचा आवाज चढला. "माझे आरसे, माझी माणसे वापरून इतके दिवस मोजलेत, आणि तुम्हाला माहीत नाही?"

"महाराज, आधी आम्हाला माहीत नाही हेही आम्हाला माहीत नव्हते. दोन्ही जन्म इतके जवळ आहेत की मधले अंतर पहारेकऱ्यांच्या पापण्या लवण्यात हरवून जाते. मी एक नाव सांगू शकतो. पण ते मोजलेले नसेल, ते माझ्या पदरचे असेल."

राजा वरदभटासोबत आलेल्या क्षेमाईकडे वळला. "आई, तुम्ही तरी सांगा. आमच्या मोजण्यात ते हरवले असेल. पण खरे काय ते कुठेतरी असेलच ना? एक जण आधी जन्मलाच असेल."

"असेल," क्षेमाई म्हणाली. "पूर्वी मी म्हणाले असते की तसे काही नसतेच. आता तेही म्हणत नाही. मला दिसते ते एवढेच. इथे आणि तिथे 'एकाच वेळी' हे फळासारखे तोडून आणता येत नाही, महाराज. दोन काठ्या, एक तिरीप, आणि जाणे-येणे सारखे आहे हा दोन्हीकडच्यांचा करार, एवढ्यातून ते बनवावे लागते. आम्ही ते जमेल तितके नीट बनवले. त्याहून बारीक प्रश्नाला सध्या आमच्याकडे उत्तर नाही. ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याच्यावर गादी ठेवू नका."

 राजाने आपला शब्द सर्वांसमोर मागे घेतला. ते त्याला सोपे गेले नाही. "मुले मोठी होऊ द्या," तो म्हणाला. "ज्याच्या अंगी राज्य चालवायचे बळ दिसेल तो गादीवर बसेल."

हे पश्चिमेला कळवले. धाकट्या राणीच्या भावाला आधी वाटले, ही चाल आहे. पण लखाई त्याच्या वाड्यात गेली. रोज दुपारी तिनेच आरसा फिरवला होता. तिने सांगितले, "तुमच्या भाच्याचे काही हिरावले नाही. माझा माणूस जिवंत आहे. फौज कशासाठी ठेवता?" पेरणी जवळ आली होती. माणसे आपापल्या गावी गेली.

कान्हदेव घरी आला तो पालखीतून. पायाची जखम हाडापर्यंत गेली होती. त्याची काठी रोवलेली होती त्या टेकाडावर त्याला पुन्हा चढता आले नाही. सावली लखाईच पाहत राहिली. वरदभट त्याला पोचवायला गेला होता. कान्हदेव त्याला म्हणाला, "तुझी आणि माझी माध्यान्ह एकच का, हे तू पहिल्याच दिवशी विचारले असतेस तर मी चालत घरी आलो असतो." वरदभटाने मान खाली घातली. 

पुढे कितीतरी वर्षांनी धाकटीचा मुलगा राजा झाला, आणि थोरलीच्या मुलाने त्याच्याजवळ सेनापतीचे काम पाहिले. त्या राज्यात एक रीत पडली. साक्षीला कोणी उभे राहिले की न्यायाधीश आधी विचारत, "तू कुठे उभा होतास?" काय पाहिलेस, ते त्यानंतर. वरदभट आणि क्षेमाई मात्र शेवटपर्यंत भांडत राहिले. फरक एवढाच की आता ते समोरासमोर बसून भांडत, आणि भांडण संपले की वरदभट काहीतरी मोजायला उठे.

ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे ते असे: जिथे प्रश्न विचारणारा आणि मोजणारा एकमेकांचे ऐकत नाहीत, तिथे खरे बोलणाराही खोटा ठरतो.